बॉलची पेटी

आश्विन लागला आणि डोंगराने अंगावरचं धुकं उतरवायला घेतलं.

चार महिने ज्या धुक्याने दऱ्या गिळल्या, रस्ते गिळले, समोरच्या घराचं दारसुद्धा गिळलं, ते शुभ्र, संथ, सर्वभक्षी धुकं आता दुपारपर्यंत विरळ होई. मग एकेक कडा प्रकट होई. आधी माथा, मग खांदा, मग काळ्या कातळाची ओली, रुंद छाती, आणि फार फार खाली कृष्णेच्या खोऱ्यातले पोपटी वाफे. जांभळीच्या खोडांवर शेवाळाची मखमल अजून भिजलेलीच होती. ऊन मात्र नवं होतं, कोवळं होतं, सोनसळी होतं.

महाबळेश्वरचा पाऊस म्हणजे पाहुणा नव्हे, घरजावई. एकदा आला की हलायचं नाव नाही. तो गेला की इथली माणसं भिंतींवरचे गवताचे झाप सोडवतात, बंद दुकानं उघडतात, ओट्यांवरून फडकं फिरवतात, आणि ओलीपासून वाचवायला उंचावर चढवून ठेवलेलं सगळं सामान पुन्हा जमिनीवर आणतात. त्या दिवसांत साऱ्या बाजारपेठेला ओल्या गवताचा, चुन्याचा आणि उन्हाचा वास येतो.

बाजारपेठेच्या टोकाला, जिथून रस्ता तळ्याकडे उतरतो, तिथे अंकुश पार्टेचं खेळांचं दुकान होतं. फुगे फोडायची बंदूक होती, रिंगा टाकायचा पाट होता, आणि मधोमध, लांबुडक्या, चकचकीत चार पायांवर उभी, जुनी विलायती बॉलची पेटी, म्हणजे पिनबॉलचं यंत्र, होती.

पेटीच्या काचेखाली एक रंगीत अंगण. अंगणात रबराच्या कड्या ल्यालेले खांब, लाल टोप्या घातलेली टपोरी बोंडं, तळाशी बटण दाबताच फडफडणारे दोन इवले पंखे. मागच्या उभ्या काचेवर रंगवलेला समुद्र, निळा, गर्द निळा, आणि त्यावर एक तांबडी होडी. ज्या गावात चहूकडे नुसता डोंगर, त्या गावातला हा एवढाच समुद्र. मुंबईतलं कुठलंसं क्लबघर मोडलं तेव्हा अंकुशने तो उचलला आणि गोधड्यांत गुंडाळून टेम्पोतून घाट चढवून आणला. लोक हसले. अंकुशही हसला, आणि पेटी पुसत राहिला.

रोज सकाळी, देवापुढे उदबत्ती लावून झाली की, दुकानाच्या फळ्या काढण्याआधी तो एक बॉल खेळे. एकच. दुकानामागच्या स्वयंपाकघरात शालनला पेटीची घंटा ऐकू येई. टण्, टण्, टटण्. सकाळ झाली हे तिला कोंबड्याने कधी सांगितलंच नाही. ते सांगितलं या घंटेने.

श्रावणातल्या एका पहाटे, बाहेर पाऊस धो धो कोसळत असताना, झोपेतच अंकुशचं हृदय थांबलं.

शालन रडली नाही.

माणसं आली, भिजत आली, चिखल तुडवत आली. तिने सतरंज्या घातल्या. थोरल्या जाऊबाई हौसाबाई पाचगणीहून धावत आल्या, तिला उराशी धरून गदगदा हलवत म्हणाल्या, "रड गं शालन, रड. मोकळी हो बाई." शालनला वाटलं, त्या आपल्यामागे उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाला सांगताहेत. तिने मागे वळूनही पाहिलं. मागे भिंत होती.

दहावा झाला, तेरावा झाला. पाऊस पडत राहिला. दिवस राखाडी, रात्री राखाडी, आणि त्या राखाडी अथांगात शालन भाकरी थापत होती, धुणं वाळत घालत होती, विचारलं त्याचं उत्तर देत होती. जीभ भाजल्यावर चव जाते ना, तसं झालं होतं तिचं. जेवण तोंडात जात होतं, नुसतं जात होतं.

बायका कुजबुजत. एवढ्या वर्षांचा संसार आणि डोळ्याला टिपूस नाही! हे शब्द शालनच्या कानावर यायचे. तेही लागले नाहीत. पण एक प्रश्न मात्र त्या बधिरतेतही जागा राहिला, उंबऱ्यावर बसलेल्या मांजरासारखा, न हलता, न जाता. माझं ह्यांच्यावर प्रेम होतं ना? की नुसती सवय होती? बाहेरच्यांना काय वाटतं याची तिला फिकीर नव्हती. तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसण्याची भीती वाटायला हवी तर तीसुद्धा वाटत नव्हती.

पाऊस सरला तसा शेजारचा सोपान ढेबे आला. सोपान गवंडी. हाताला सदा सिमेंट, मनाला सदा माया. अंकुशने पावसाआधी ओंडक्यांवर चढवलेली पेटी त्याने दोन माणसं लावून खाली उतरवली, पुसली, जागेवर लावली. "वहिनी, एकदम टकाटक करून दिलीय बघा," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं. पेटी अशी नीट, अशी ताठ, अशी देखणी कधीच उभी राहिली नव्हती.

शालनने बटण दाबलं. मागच्या समुद्रात उजेड पसरला. तांबडी होडी उजळली. पण पंखे हलले नाहीत, बोंडं थरथरली नाहीत, घंटा वाजली नाही. दिवे होते, प्राण नव्हता.

ती कितीतरी वेळ त्या उजळलेल्या समुद्रासमोर उभी राहिली. आणि तेव्हा, श्रावणानंतर पहिल्यांदाच, तिला काहीतरी हवंसं वाटलं. ती घंटा ऐकायची होती. ती वाजली तर आपल्या आत काहीतरी हलेल. आणि ती वाजूनही काही हललं नाही, तर आत काही नव्हतंच, एवढं तरी एकदाचं कळेल.

पेटी दुरुस्त करणारा माणूस शोधायला शालन घराबाहेर पडली.

पोस्टाजवळचा टीव्हीवाला विलास आला. त्याने मागचं दार उघडलं, आत बॅटरी मारली, आणि भूत बघितल्यासारखा मागे सरला. "वहिनी, यात बोर्डच नाही. नुसत्या वायरी आणि पितळेच्या पट्ट्या. हे आपल्या जन्माआधीचं काम." त्याने दार हलक्या हाताने लावून घेतलं. हौसाबाई म्हणाल्या, "भंगारात घाल ती पेटी. तिच्या जागी कणसाची शेगडी मांड. सीझन तोंडावर आलाय." शालनने मान डोलावली आणि दुसऱ्या सकाळी एसटीने वाईला गेली.

पसरणीचा घाट उतरताना धुकं मागे राहिलं, वर राहिलं. खाली लख्ख ऊन होतं, उसाचे तुरे होते, कृष्णेच्या पायऱ्यांवर ओली लुगडी वाळत होती. एवढा रंग, एवढा प्रकाश तिच्या डोळ्यांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. गणपती आळीतल्या म्हाताऱ्या रेडिओवाल्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. पितळेच्या पट्ट्या, तारांच्या जुड्या, आतून टकटक? असं काम टेलिफोनच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये असायचं, तो म्हणाला. युनूस मुजावरला भेटा. रिटायर झालाय, पण आहे.

युनूस मुजावर अंगणात शेवग्याच्या शेंगा निवडत बसले होते. पांढरी दाढी, जाड भिंगाचा चष्मा, बोटं लांब आणि सावध. त्यांनी तिला खाट दिली, पाणी दिलं. मग विचारलं, "ताई, चांगली होती तवा आवाज कसा यायचा तिचा?"

शालनने सांगायचा प्रयत्न केला. शब्द सापडेनात. मग त्या अनोळखी अंगणात, अनोळखी म्हाताऱ्यासमोर, पदर सावरून बसलेली ती मध्यमवयीन बाई जिभेने टाळूवर आवाज काढू लागली. टक. टकटक. टकटकटकटक, खर्र, टण्. पुन्हा टक. पुन्हा खर्र, टटण्. तिचा चेहरा कोरा होता, डोळे कोरे होते, आणि तोंडातून एक अख्खं यंत्र चालत होतं. तिला लाज वाटली नाही. लाजही उरली नव्हती.

युनूसचाचांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या टकटकीत त्यांना एक अख्खी इमारत ऐकू आली. मजल्यावर मजले भरून उभ्या लोखंडी मांडण्या, त्यांत लाखो पट्ट्यांची अहोरात्र चाललेली पाखरकुजबुज, एका गावाचं दुसऱ्या गावाशी, आईचं लेकीशी जोडलं जाणं. ते सगळं मोडीत गेलं होतं. त्यांच्यापुढे बसलेल्या या बाईच्या जिभेवर तेवढं उरलं होतं.

"बास, ताई," ते म्हणाले. "वळखीचं हाय. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी उन्हं चढता चढता ते आले. खांद्याला खाकी पिशवी, गळ्याभोवती मफलर, घाटातल्या वळणांनी जरा पिवळे पडलेले. पेटीभोवती त्यांनी एक प्रदक्षिणा घातली. काचेवर तळवा ठेवला. सोपानही हातातलं काम टाकून आला होता, दाराच्या चौकटीला टेकून बघत होता. चाचांनी पेटी चालू केली, कान लावला, बंद केली. पुन्हा चालू केली, पुन्हा कान लावला. मग पुढचं लहान दार उघडून आत हात घातला आणि तो हात तिथेच थांबला.

"ही पेटी कुनी लावली हितं?"

"मी," सोपान अभिमानाने म्हणाला. "पाणसळ लावून लावलीय चाचा. मागच्या दोन पायांखाली पाचरी घुसवल्या होत्या, वाकडी उभी होती बिचारी. त्या काढल्या, फरशीचे तुकडे सरकवले, चारी पाय एका पातळीत. केसाचा फरक निघाला तर बोला."

"न्हाई निघायचा," चाचा म्हणाले. "हितं ये. आत बघ काय हाय."

सोपान वाकला. पेटीच्या अंधाऱ्या पोटात, बारीक सळईला, एक लहानसं पितळी वजन लोंबत होतं. भोवती एक तांब्याची कडी. "च्यायला," सोपान नकळत म्हणाला, "हा तर ओळंबा की!"

"व्हय. वळंबाच हाय. खेळनाऱ्यानं पेटीला धक्का दिला की ह्यो झुलतो, कडीला लागतो, आनि सगळं बंद पडतं. लबाडी नको म्हनून. पेटी उतरती असती, तवा बॉल खाली येतो. ह्यांच्या मालकानं उतार धरून वळंबा बराबर मधी टांगला हुता. तू पेटी सपाट केलीस, तर ह्यो जाऊन कडीला टेकला." त्यांनी बोटाने ते वजन अलगद कडीपासून दूर धरलं. आत कुठेतरी एक टक झालं. "धक्का बसलाय ह्ये सांगनारा बल्ब जळून गेलाय म्हनून कुनाला कळलं न्हाई. पेटीला काय झालं न्हाई, ताई. हिला वाटतंय, अजून कुनीतरी धक्का मारतंय. म्हनून गप हाय."

सोपानचा चेहरा उतरला. आयुष्यभर ज्या ओळंब्याने त्याने घरं उभी केली, त्याच ओळंब्याने त्याची माया उलटी पाडली होती. "आणि मी आपलं सरळ करायला गेलो," तो पुटपुटला. शालनने त्याच्याकडे पाहिलं. त्याला काहीतरी बरं बोलावं असं तिला सुचलं, पण वाटलं नाही.

"त्या पाचरी कुठायत?" चाचांनी विचारलं.

"जाळल्या," शालन म्हणाली. "न्हाणीच्या चुलीत. पाणी तापवायला." तिने हे अगदी सपाट आवाजात सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या घरची हकिगत सांगावी तसं. जांभळीच्या लाकडाच्या त्या दोन पाचरी अंकुशने स्वतः तासल्या होत्या. पेटवताना तिला एवढंच दिसलं होतं की लाकूड चांगलं वाळलेलं आहे.

परसातल्या सरपणातून सोपानने दोन ढलप्या निवडल्या. कुऱ्हाडीने तासल्या, घासल्या, पुन्हा तासल्या. चाचा पेटीपाशी उकिडवे बसून ओळंब्यावर नजर लावून होते. "अजून उचल. अजून. हां, डावीकडं केसभर." सोपान घामाघूम झाला होता. "चाचा, जन्मात पहिल्यांदा वाकडं काम करतोय," तो म्हणाला, "कुणाला सांगू नका." चाचा मिशीत हसले. कडीच्या मधोमध, कुठेही न शिवता, ओळंबा स्थिर झाला.

पेटी पुन्हा तिरकी उभी राहिली. आणि पेटी जिवंत झाली.

आतून टकटकीची एक लाट उठली, आकड्यांची चाकं खर्रकन शून्यावर आली, पंखे फडफडले. निळा समुद्र होताच, आता त्याच्या किनाऱ्याला गलबला आला. "खेळा, ताई," चाचा म्हणाले. शालन कधीच खेळली नव्हती. इतक्या वर्षांत एकदाही नाही. तिने पुढे येऊन बॉल उडवायचा दांडा ओढला, सोडला. चांदीसारखा बॉल उसळला, वर गेला, वळला, लाल बोंडांत शिरला, आणि घंटा वाजली.

टण्. टण्. टटण्.

शालन वाट पाहत राहिली. घंटा पुन्हा वाजली, पुन्हा वाजली. सोपानने डोळे पुसले. बॉल बोंडाबोंडांत नाचत होता, दिवे लुकलुकत होते, सारं दुकान नादाने, रंगाने, उजेडाने भरून गेलं होतं, आणि त्या भरल्या दुकानाच्या मधोमध ती रिकामी उभी होती. तिच्या आत काही म्हणजे काही हललं नाही. तिने पंख्यांची बटणंसुद्धा दाबली नाहीत. बॉल खाली यायच्या आतच तिने पेटीकडे पाठ फिरवली.

म्हणजे नव्हतंच. कळलं एकदाचं.

"बसा तुम्ही," ती म्हणाली, "मी चहा टाकते." आणि आत गेली.

स्वयंपाकघरात खिडकीतून उन्हाची एक तिरीप ओट्यावर पडली होती. शालनने पातेलं चढवलं. पाणी, साखर, पूड, किसलेलं आलं. दूध घातलं. हात आपलं काम जाणत होते. बाहेर चाचांनी पुन्हा दांडा ओढला, दुरुस्तीची खात्री करून घ्यायला. मधल्या भिंतीतून टकटक आली, घंटा आली, लांबून, मऊ होऊन आली. ती ऐकत नव्हती. ती चहाला येणारा कढ नुसती पाहत होती.

आणि मग बॉल पंख्यांमधून निसटला आणि पेटीच्या लाकडी पोटात पडला. थड्.

हा आवाज तिने वाईच्या अंगणात काढून दाखवला नव्हता. तो तिला आठवलाच नव्हता. दुकानात उभं राहिलं तर तो गलबल्यात हरवून जातो. भिंतीच्या या बाजूलाच तो ऐकू येतो, घंटा थांबल्यावर, एकटा. हजारो सकाळी तो आला होता, आणि प्रत्येक सकाळी तो आला की तिने गॅस बंद केला होता. आताही तिचा हात उठला. गॅस बंद झाला. एका हातात सांडशी, एका हातात गाळणं, आणि तोंडातून, नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या किंचित वैतागात, शब्द बाहेर पडले.

"अहो, या आता, चहा गाळते आहे!"

बाहेर युनूसचाचांनी पेटीवरचे हात काढून घेतले. सोपान मान खाली घालून फरशीकडे बघू लागला. दोघांपैकी कुणीही ओ दिली नाही. ती हाक त्यांच्यासाठी नव्हती, हे दोघांनाही कळलं होतं.

शालन चहा गाळू लागली, आणि कान बाहेर लावून, रोजच्यासारखी, उत्तराची वाट पाहू लागली. आलो गं. एवढंच असायचं उत्तर. पेटी मुकी होती. दुकान मुकं होतं. भिंतीपलीकडचं सगळं जग मुकं होतं. आणि त्या मुकेपणात तिला पहिल्यांदा ऐकू आलं की ते येणार नाहीत. आज नाही. उद्या नाही. कोणत्याच सकाळी नाही.

तिच्या पोटातून आवाज निघाला. आधी घोगरा, ओळखू न येणारा, मग उंच, मग अखंड. सोपान आत धावणार तोच चाचांनी त्याचा दंड धरला आणि धरूनच ठेवला.

ती रडत होती, आणि तिचा हात थांबत नव्हता. कप भरला. कप भरून बशी भरली. बशी भरून तपकिरी, वाफाळती धार ओट्यावर आली, उन्हाच्या तिरिपेतून सरकत सरकत, चकाकत चकाकत, ओट्याच्या कडेशी पोचली, कडेवर क्षणभर थरथरली, आणि थेंबाथेंबाने, थेंबाथेंबाने, खाली पडू लागली.